न्यायला कुणी न आलेली पुस्तकं

रविवार, २ नोव्हेंबर

आधी आली ती सूनबाई. हातात डबा नाही, पिशवी नाही, नुसती टेप. सुताराकडे असते तसली, खटकन आत जाणारी. "आई, बऱ्या आहात ना?" म्हणाली, आणि मी बरी आहे की नाही ते सांगेपर्यंत पुढच्या खोलीची एक भिंत मोजूनसुद्धा झाली. मी म्हटलं, अगं, टेक तरी जरा. तर म्हणे, टेकते हो, एवढी खिडकी घेते. तिचं पहिल्यापासून असंच. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हा बोलता बोलता तिनं आमचं कपाट डोळ्यांनी मोजलं होतं, असं हे गमतीनं म्हणायचे. हे म्हणजे आमचे. आता नाहीत.

तिच्या पाठोपाठ समोरच्या दारातल्या नर्सबाई आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण जिन्यात पावलं वाजली आणि त्या दारात उभ्या राहिल्या नाहीत असं होत नाही. नोकरी संपली तरी वॉर्डात फेरी मारायची सवय गेलेली नाही. मग मुलगा आला, एक खोकं उचलून, धापा टाकत. आणि सगळ्यात शेवटी माझी खार.

खार म्हणजे माझी नात. लहानपणी इथं जमिनीवर बसून कागदाची कातरणं कुरतडायची म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. आता कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, चष्मा लागलाय, केस कापलेत, पण नाव तेच. ऑफिसातल्या लोकांसमोर तसं हाक मारू नकोस म्हणते. मी नेमकी तेव्हाच विसरते.

खोक्यात मशीन होतं. मोठ्या पावासारखं, वर एक फट. फटीत पान घातलं की ते खालून बाहेर येतं, आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंचे फोटो निघालेले असतात. खार म्हणाली, "आजी, आमच्या कंपनीला जुनी पुस्तकं हवीत. कुठंच मिळत नाहीत अशी. कॉम्प्युटरला वाचायला द्यायचीत." मी म्हटलं, वाचून तो काय करणार? म्हणाली, "शिकणार. आपली भाषा शिकणार." मला हसूच आलं. मी तिसरीत शाळा सोडली, आणि हा लोखंडाचा पाव माझ्या घरातली पुस्तकं वाचून शहाणा होणार.

मग सगळ्यांनी फळ्यांकडे बघितलं.

ही पुढची खोली म्हणजे ह्यांचं बाइंडिंगचं दुकान. लोक फाटकी पुस्तकं टाकून जायचे, हे बांधून द्यायचे. फर्म्यांची शिलाई माझ्याकडे. फर्मा म्हणजे घडी घातलेल्या पानांची जुडी, सुई तिच्या घडीतून जाते. तर काही लोक पुस्तक टाकून जायचे ते परत यायचेच नाहीत. कुणी विसरलं, कुणी घर बदललं, कुणी मेलं. ती पुस्तकं ह्यांनी कधी विकली नाहीत, कुणाला दिली नाहीत. बांधून तयार ठेवायची. "येतील न्यायला," म्हणायचे. आणि यायचे हो कधी कधी, केस पांढरे झाल्यावर. एक गृहस्थ तर लग्नाआधी टाकलेलं पुस्तक न्यायला सुनेचा हात धरून जिना चढले होते. मी मुलाकडे राहायला जात नाही ती एवढ्यासाठीच. सूनबाई कितीदा म्हणते, चला, एकट्या काय करता इथं. मी म्हणते, आणि कुणी न्यायला आलं तर? कुलूप बघून जाईल बिचारं.

मुलगा म्हणाला, "आई, पानं सुटी लागतील. बांधलेलं पुस्तक मशीनमध्ये जात नाही."

सूनबाई म्हणाली, "कटिंगवाल्याकडे देऊन पाठीवरून कापून आणू. दिवसाचं काम."

मी कानांवर हात ठेवले. शिवलेलं पुस्तक कोणी कापतं का? कापलं की घडी गेली, मग पुन्हा शिवायचं कशातून? उसवायचं असतं ते. म्हटलं, मी उसवते, त्यात काय एवढं.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "तुला चालेल?"

चालेल काय म्हणतोस, म्हटलं. हे गेल्यापासून सुईला हात लावला नव्हता. यातली कित्येक बांधून इतकी वर्षं झालीत की आतला दोरा कुजला असेल, नव्यानं बांधायला झालीच होती. मी विचारलं, नवं कापड कुठल्या रंगाचं घालू?

मुलगा मशीनची वायर सोडवायला लागला. ह्या लोकांना बाइंडिंगमधलं काही कळत नाही, कधी कळलंच नाही. शेवटी खार म्हणाली, "तुला आवडेल ते घाल, आजी."

सूनबाईनं टेप बंद केली. खटकन.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हात काही विसरले नाहीत. पाठीवर ओलं फडकं ठेवायचं, खळ मऊ होऊ द्यायची, मग कापड सोलायचं, उकडलेल्या बटाट्याचं साल निघतं तसं निघतं. मग घडी उघडून मधला टाका कापायचा आणि दोरा हळूहळू ओढून घ्यायचा. सगळे टाके माझेच. कुठं घाईत घातलेले, कुठं निवांत. एका पुस्तकात मध्येच दोऱ्याचा रंग बदललाय. मुलाला ताप होता तेव्हा, दोरा आणायला कोण जाणार, घरात होता तो वापरला. हे चिडले होते. गिऱ्हाईक आलंच नाही, म्हणजे कुणी बघितलंही नाही. मी आज बघितलं.

मध्ये मध्ये वाचतेसुद्धा, बोट ठेवून. मला छापील ओळीपेक्षा हातानं लिहिलेलं लवकर लागतं, का कोण जाणे. एक बागकामाचं पुस्तक आहे, कुठल्या महिन्यात काय लावायचं त्याचं. त्याच्या कडेला मालकानं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. एके ठिकाणी, "आज धाकटीनं पाणी घातलं. अर्धं स्वतःवर." पुढं, "ही कुंडी तिच्या आजारपणात वाळली. पुन्हा लावू." मला इतकं बरं वाटलं वाचून. पूर्ण पुस्तकभर लिहिलंय असं. दुपारचा चहा राहून गेला. मध्ये एक वाळलेलं गुलाबाचं पान निघालं, ते बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. पुस्तकांतून काय काय निघतं, बसची तिकिटं, केसांची पिन, एकात तर दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी. सगळं डब्यात. बांधून झालं की ज्याचं त्यात परत.

नर्सबाई येऊन बसल्या. म्हणाल्या, "काकू, एवढं उसवून ठेवताय. पुन्हा शिवणार कोण?"

"मी."

"आणि पानं?"

"ती येतील की. फोटो काढून झाल्यावर त्यांना पानांचं काय करायचंय?"

"तेच म्हणते मी," नर्सबाई म्हणाल्या. "त्यांना काय करायचंय."

रविवार, ९ नोव्हेंबर

आज मशीन चाललं. काय ते खाणं. खार घडी उघडून जोडपान सपाट करून देत होती आणि ते गिळत होतं. घास चावणं नाही, पाणी नाही. चहा उकळेपर्यंत एक अख्खं पुस्तक खाल्लं. मी एक पान वाचायला घेते तर चष्मा पुसण्यात वेळ जातो. खारला विचारलं, ह्याला आवडलेलं पान पुन्हा वाचावंसं वाटतं का गं? ती हसली, मग म्हणाली, "चांगला प्रश्न आहे." आणि पुढचं जोडपान मशीनला दिलं.

मला तिनं एक पाटी दिली. आमच्या शाळेतल्यासारखी दगडी नव्हे, काचेची, बोलणारी. म्हणाली, "आजी, हिला काहीही विचार. आत्ता वाचलेल्यातलंच सांगेल." मी काय विचारणार? विचारलं, गुलाबाच्या पानांना भोकं पडली तर काय करावं. तर बाईच्या आवाजात म्हणाली, ऊन उतरल्यावर साबणाचं पाणी शिंपडावं. अगदी त्या बागेच्या पुस्तकातलं. मंगळवारी माझ्या मांडीवर उसवलेलं पुस्तक रविवारी तोंड उघडून बोलायला लागलं. मी तिला थँक्यू म्हटलं तर सूनबाई म्हणाली, "आई, ते यंत्र आहे." मग काय झालं? मी शिलाईच्या सुईशीसुद्धा बोलायची.

मशीनमधून निघालेली पानं मी परत घडीवर घालून, क्रम लावून, सुतळीनं बांधून ठेवत होते. सूनबाई म्हणाली, "कशाला हो आई, राहू द्या." मी बांधलीच. क्रम चुकला की पुढं माझेच हाल.

जेवताना मुलगा म्हणाला, "आई, फळ्या रिकाम्या झाल्या की तुला इथं थांबायचं कारण उरणार नाही."

मी म्हटलं, "रिकाम्या कुठं, थोड्या दिवसांपुरत्या."

तो उठून पाणी प्यायला गेला. परत आला, पुन्हा गेला. लहानपणी खोटं बोलायचं असलं की त्याला अशी तहान लागायची. आज भाजी तिखट झाली असावी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अंगठा सुजलाय. नर्सबाईंनी गरम पाण्यात धरायला लावला आणि वर ओरडल्या. विश्रांती घ्या म्हणतात. अर्ध्याहून जास्त झालं, आता कसली विश्रांती. फार लिहवत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल कुणी आलं नाही. आज टेंपोवाला एकटाच आला. माणूस हसरा, पण घाई भारी. माझे गठ्ठे उचलून फेकायलाच लागला. मी जिन्यातून ओरडले, अरे बाबा, क्रम आहे त्यांना, सुतळी सुटली की एकाचं दुसऱ्यात जाईल. तर म्हणतो, "आजी, क्रम कोण बघतंय तिथं. वजनावर घेतात."

भाडं वजनावर असेल. पूर्वी ह्यांचा कागदही तसाच यायचा.

टेंपोत आधीच कुणाची तरी गादी आणि मोडकी खुर्ची होती. त्यावरच पुस्तकं. मी घरातली एक चादर दिली पानांवर टाकायला. धूळ नको बसायला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नर्सबाई सकाळीच आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, परवा बाजारातून येताना तो टेंपो बघितला, रद्दीच्या गोदामाशी उभा होता.

मी म्हटलं, "त्याची दुसरी कामं असतील. गादी होती, खुर्ची होती."

"तुमची चादर बाहेर पडली होती काकू. निळ्या फुलांची."

मी जरा विचार केला. म्हटलं, "उतरवताना राहिली असेल."

"असेल हो," म्हणाल्या, आणि माझा अंगठा बघून गेल्या. चादर चांगली होती. मुलाला सांगायला हवं, टेंपोवाल्याला विचार म्हणून. फोन हातात घेतला होता. मग म्हटलं, एका चादरीसाठी कुठं त्याला कामात त्रास द्यायचा.

रविवार, २३ नोव्हेंबर

झालं. शेवटचं पुस्तक आज उसवलं. खार आणि मुलगा येऊन मशीन चालवून गेले, पानंही नेली. मशीनही नेलं. खोलीत आवाज घुमतो आता. मी खोकले तर कुणी दुसरंच खोकल्यासारखं वाटलं.

फळ्या पुसून घेतल्या. फळ्यांवर पुस्तकांच्या जागा दिसतात, तिथलं लाकूड वेगळ्या रंगाचं आहे. म्हणजे परत लावताना सोपं. दोऱ्याला मेण लावून ठेवलं. कापडाचे तुकडे मापानं बेतले. बागेच्या पुस्तकाला हिरवं.

ह्यांचा एकच नियम होता. सुटं आलेलं पुस्तक आपल्या दारातून बांधूनच जायचं. आता सगळं उलटं झालंय, बांधलेली सुटी होऊन गेलीत. पण गेलीत ती परत येण्यासाठीच, तेव्हा चालेल. अहो, चालेल ना?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज काय झालं सांगू. गिऱ्हाईक आलं.

मधल्या वयाच्या बाई होत्या, ऑफिसातून आलेल्या, गळ्यात ओळखपत्र तसंच. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इथं पूर्वी बाइंडिंगचं दुकान होतं का हो?" मी म्हटलं, होतं काय, आहे. या. नर्सबाई त्यांच्या दारातून बघत होत्या, त्यांना मी मान वर करून दाखवली. त्यांचा विश्वास नव्हता ना कुणी येईल म्हणून.

बाईंचे वडील गेल्या महिन्यात गेले. शेवटी शेवटी सारखं म्हणायचे, माझं बागेचं पुस्तक बाइंडरकडे राहिलंय, आणा. घरच्यांना वाटलं, भ्रमात बोलतायत. बाई सहज म्हणून विचारत विचारत इथवर आल्या.

मी विचारलं, "तुम्ही धाकट्या का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"पाणी घालताना अर्धं स्वतःवर सांडायचात."

बाई खाली बसल्या. स्टूल होतं, पण त्या जमिनीवरच बसल्या. मी डब्यातून गुलाबाचं पान काढून दिलं. त्यांनी ते तळहातावर धरलं, बोटांनी शिवलंसुद्धा नाही. मग म्हणाल्या, "बाबांचा आवाज आहे माझ्याकडे फोनमध्ये. फोटो तर ढिगानं आहेत. पण त्यांच्या हातचं अक्षर कुठंच नाही. सगळं टाइप करायचे ते. मला ते पेन्सिलीचं एकदा बघायचंय."

मी सांगितलं, पुस्तक फोटो काढायला नातीच्या कंपनीत गेलंय, आलं की लगेच नवं बांधून देते, हिरवं कापड बेतूनसुद्धा ठेवलंय. त्या कामासाठी बाहेरगावी जाणार आहेत. म्हणाल्या, चौदा डिसेंबरला परत येते, रविवार आहे, संध्याकाळी इथूनच घेऊन जाईन. नक्की येते म्हणाल्या. उतरताना जिन्यात थांबून पुन्हा म्हणाल्या, नक्की.

मी ह्यांच्या फोटोपुढे जाऊन सांगितलं, तुमचंच खरं ठरलं. येतात लोक.

शनिवार, २९ नोव्हेंबर

खारला फोन केला. सगळं सांगितलं, बाई, वडील, धाकटी. म्हटलं, बाकीची सावकाश येऊ देत, पण बागेचं तेवढं आधी पाठव.

  ती म्हणाली, "बघते, आजी." आवाज बसलेला होता. तिथं एसीत बसून होतं असं.

मग मी पाटीला विचारलं, बाई, त्या बागेच्या पुस्तकात कडेला पेन्सिलीनं काय लिहिलंय ते वाच बरं. ती म्हणाली, अशी माहिती सापडली नाही. आणि म्हणाली, गुलाबाच्या निगेबद्दल आणखी सांगू का? मी म्हटलं, नको. पुन्हा विचारलं, धाकटीचं काय लिहिलंय? म्हणाली, मला क्षमा करा. इतकी गोड बोलते की रागवता येत नाही.

रविवार, ७ डिसेंबर

खार आली. एकटीच, न सांगता. नर्सबाईसुद्धा दारात यायला चुकल्या, इतकी हळू जिना चढून आली.

पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. बागेचं पुस्तक. पण नवं कोरं, पांढरंशुभ्र, ऑफिसच्या कागदावर छापलेलं, एकेक पान सुटं. मी चाळलं. अक्षर स्वच्छ, डाग नाही, पिवळेपणा नाही. आणि कडा कोऱ्या.

"पेन्सिलीचं कुठाय गं?"

"मशीन आपोआप साफ करतं, आजी. त्याला तो मळ वाटतो."

"बरं. आणि आपली पानं?"

तिनं चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. "फार पुस्तकं असतात तिथं," म्हणाली. "मिळतील असं वाटत नाही."

पोरीचे डोळे लाल होते. दिवसभर काचेकडे बघायचं म्हणजे असंच होणार. तिनं माझा सुजलेला अंगठा हातात घेतला आणि म्हणाली, "आजी, तुला एक सांगायचंय. तू रागावशील." तेवढ्यात तिच्या बापाचा फोन आला. ती नुसती हो, हो, नाही सांगितलं, हो, असं म्हणत राहिली. फोन ठेवला आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

मीच तिची समजूत काढली. म्हटलं, अगं, पानं हरवतात कधी कधी. तुझ्या आजोबांच्या हातूनही हरवलीत. मिळाली की आण, घाई कसली. तर ती रडायलाच लागली. मी पाठीवरून हात फिरवला. लहानपणी पुठ्ठा कुरतडताना पकडली की अशीच रडायची. चहा न घेता पळाली.

गठ्ठ्याकडे बघत मी बराच वेळ बसले. ह्या पानांना घडीच नाही. शिवायचं कशातून?

बुधवार, १० डिसेंबर

शिवलं. घडी नसली की कडेनं टोचून शिवावं लागतं, त्यानं पुस्तक पुरतं उघडत नाही, उघडताना कुरकुरतं. ह्यांना अशी शिलाई आवडायची नाही. पण सुटं देण्यापेक्षा बरं. हिरवं कापड चढवलं, लोखंडी प्रेसमध्ये दाबून ठेवलं.

दाबायच्या आधी, काल, एक सुचलं. पेन्सिल घेतली, टोक केलं, आणि जेवढं आठवत होतं तेवढं कडेला लिहून काढलं. धाकटीचं पाणी. वाळलेली कुंडी. "जास्वंदीला मुंग्या, पण फुलं येतायत, येऊ देत." "मोठीचा निकाल लागला, मोगरा आणला." माझं अक्षर म्हणजे काय, तिसरीतलं. ओळ चढते नाहीतर उतरते. त्यांचं बारीक होतं, उजवीकडे झुकलेलं.

सगळं आठवलं असं नाही. काही जागा पक्क्या आहेत, इथं काहीतरी होतं हे माहीत आहे, पण काय ते गेलं. तिथं खोटं कशाला लिहायचं. तिथं नुसती पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली, म्हणजे बाईंना कळेल की इथं वडील काहीतरी बोलले होते. रेघा फार झाल्यात. मी बोट ठेवून ठेवून वाचलेलं, तरी इतकं निसटतं कसं? मशीनला एकदा घातलेलं कायम राहतं म्हणे. पण त्यानं हे घेतलंच नाही. दोघांत मिळून एक पुस्तक पूर्ण होत नाही.

बाईंना आधीच सांगेन, अक्षर माझं आहे, शब्द तुमच्या वडिलांचे. त्यांना अक्षरच हवं होतं, हे मला कळतं. पण रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसलं नसतं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सूनबाईचा फोन. रविवारी सगळे येतायत. म्हणाली, "आई, थोडे दिवस आमच्याकडे चला, इथं सोमवारपासून रंगारी येतोय." मी म्हटलं, बरं झालं, पुस्तकं परत यायच्या आत रंग वाळेल. ती म्हणाली, "हो, तर. कपडे आणि औषधं तेवढी घ्या. बाकी टेंपोवाला बघेल." लोखंडी प्रेसही तोच नेणार आहे म्हणे. माझ्यासाठी तिकडं मांडून ठेवणार असतील. बोलायला सूनबाई कोरडी, पण सगळ्याचा विचार करते.

मुलगा किल्ली मागेच घेऊन गेलाय, दुसरी करायला. दोन्ही त्याच्याकडेच आहेत.

नर्सबाईंना सांगितलं तर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काकू, तुम्हाला खरंच वाटतं तुम्ही परत येणार?"

मी म्हटलं, "न येऊन कसं चालेल? फळ्या लावायच्यात."

त्यांनी माझा अंगठा दाबून बघितला. मग म्हणाल्या, "पुस्तक माझ्याकडे ठेवून जा. बाई आल्या तर देईन." चांगलं सुचवलं त्यांनी. पण नको. ह्यांनी कधी गिऱ्हाइकाचं पुस्तक शेजारी ठेवलं नाही. आणि रेघांचं त्या काय सांगणार? ते मलाच सांगावं लागेल.

मी सूनबाईला म्हटलं होतं, रविवारी संध्याकाळी एक बाई यायच्यात, त्या येऊन गेल्या की मी निघते. ती म्हणाली, बघू, टेंपो सकाळचा ठरलाय. बघू म्हणाली म्हणजे नाही म्हणाली नाही.

पुस्तक प्रेसमधून काढलं. पाठ सरळ आलीय. दाराशी स्टुलावर ठेवलंय, वर गुलाबाचं पान ठेवायचं राहिलं, ते बाईंनीच नेलं. पिशवी भरली. डबाही घेतलाय, तिकिटं, पिन, चिठ्ठी, सगळं ज्याचं त्याला द्यायचंय. रविवार, चौदा तारीख. बाईंनीही येते म्हटलंय, सूनबाईनंही. आधी कोण येतंय, त्यावर आहे आता.